‘टँक’, ‘टाकी’ आणि आपला तलाव

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांवर जो लेख आला, तो मी आवडीने वाचला. टेबल, स्टेशन, ग्लास अशा शब्दांच्या ओळीत लेखकांनी ‘टाकी’ हा शब्दही बसवला आहे आणि तो ‘टँक’चा अपभ्रंश असल्याचे एका वाक्यात सांगून ते पुढे गेले आहेत. न्यायालयात भाषांतरकार म्हणून माझी सारी नोकरी इंग्रजी कागद मराठीत आणि मराठी कागद इंग्रजीत आणण्यात गेली. त्या काळात या एका लहानशा शब्दाने जितके अडवले, तितके कायद्याच्या जड शब्दांनीही अडवले नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम ‘टाकी’विषयी. रायगडावरची बारा टाकी किंवा शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा शब्द इंग्रजांच्या आधीपासून आपल्याकडे आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही. एक टाके, अनेक टाकी. कातळ फोडून केलेला पाण्याचा साठा. सिमेंटची किंवा प्लास्टिकची ती एक टाकी, अनेक टाक्या. गडावरच्या पाटीवर ‘पाण्याची टाकी’ असे लिहिलेले असते ते अनेकवचनी नपुंसकलिंगी असते आणि आपण मात्र ते घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखे स्त्रीलिंगी एकवचन समजून वाचतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची पहिली आवृत्ती 1831 साली निघाली, ‘टांकें’ हा शब्द पाण्याच्या साठ्याच्या अर्थाने नोंदवलेला आहे. नळयोजना आपल्या शहरांत येण्याच्या कितीतरी आधीची ही नोंद आहे. त्यातला ‘टा’वरचा अनुस्वारही पाहण्यासारखा आहे. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले, आणि त्यांच्याबरोबर ‘टांके’ व ‘टँक’ यांचे डोळ्यांना दिसणारे नातेही पुसले गेले.

हा शब्द एकट्या मराठीचा नाही. अहमदाबादच्या जुन्या पोळांमधील, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमधील, घरांत चौकाखाली पावसाचे पाणी साठवण्यासाठी जे बांधीव तळघर असते, त्याला गुजरातीत ‘टांकुं’ म्हणतात आणि राजस्थानच्या वाळवंटात अंगणातल्या जमिनीखालच्या साठ्याला ‘टांका’ म्हणतात. इंग्रज व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी वखार घातली ती सुरतेस, आणि याच शतकात भारतात आलेल्या इंग्रजांच्या लेखनात ‘टँक’ हा शब्द तलावाच्या अर्थाने दिसू लागतो. इंग्लंडमध्ये नैसर्गिक सरोवराला एक शब्द होता, डबक्याला दुसरा होता. पण ओढ्याच्या वाटेत मातीची पाळ घालून माणसांनी उभे केलेले, शेत आणि गाव दोन्ही जगवणारे विस्तीर्ण पाणी तिथल्या रोजच्या पाहण्यात नव्हते. ज्या वस्तूला आपल्याकडे नाव नाही, तिचे नाव ती जिथे आहे तिथूनच माणूस उचलतो.

येथे दुसरी बाजू सांगणे मी माझे कर्तव्य समजते. पोर्तुगीज भाषेत ‘तांक’ असा शब्द आहे आणि त्याचे मूळ पाणी अडवणे, थोपवणे या अर्थाच्या लॅटिन कुळातील धातूत शोधले जाते. इंग्रजांच्या आधी शंभर वर्षे पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर होते. म्हणून काही अभ्यासक ‘टँक’ पोर्तुगीजातून आला असे मानतात, तर आजचे बरेचसे इंग्रजी कोश मूळ गुजराती-मराठी असावे आणि पोर्तुगीज शब्दाने त्याला बळ दिले असावे, असे म्हणतात. 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या आंग्ल-भारतीय शब्दांच्या कोशातही या शब्दावर दोन्ही अंगांनी चर्चा केलेली आहे. मला स्वतःला दोन प्रवाहांच्या संगमाचे मत पटते. कोणतेही मत घेतले, तरी ‘टाकी’ इंग्रजीतून मराठीत आली हे विधान मात्र टिकत नाही.

मराठीत ‘टाकी’चा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला फार जवळचा आहे. पाथरवटाची छिन्नी म्हणजेही टाकी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो ते तिच्याचविषयी. आमच्या लहानपणी नागपुरात महालातल्या वाड्यात पाटा-वरवंट्याला टाकी लावणारी बाई यायची. आई पाटा उताणा करून द्यायची आणि ती बाई पायाच्या अंगठ्याने तो दाबून धरून लहान हातोडीने टाकीवर टकटक करीत दगडावर बारीक खाचा पाडत जायची. काम झाले की आई पाटा तीन पाण्यांनी धुऊन पहिले वाटण टाकून द्यायची. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे छिन्नी, आणि ठसा उमटवलेले नाणे म्हणजेही टंक. टांकसाळ आणि टंकलेखन हे शब्द त्या घराण्यातले. कातळात छिन्नीने खोदलेल्या साठ्याला टाके म्हणत असतील, ही कल्पना मनाला भावते. काही कोशकार मात्र ‘टाके’चा संबंध ‘तडाग’ शब्दाशी लावतात.

इंग्रजीत गेल्यावर या शब्दाने जी रूपे घेतली, त्यांतले सर्वांत दूरचे रूप म्हणजे रणगाडा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील लिंकन येथे चिलखती लढाऊ गाड्या गुप्तपणे तयार होत होत्या. कारखान्यातील पत्र्याच्या त्या अवजड सांगाड्यांविषयी कोणाला संशय येऊ नये म्हणून 1915च्या अखेरीस त्यांना पाण्याच्या टाक्या म्हणायचे ठरले. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर त्या प्रथम लढाईत उतरल्या, तोवर ते खोटे नाव इतके रुळले होते की तेच खरे होऊन बसले. मराठीने येथे ‘रणगाडा’ हा स्वच्छ शब्द घडवला, जो ऐकताच वस्तू समोर उभी राहते. ‘थिंक टँक’मधला टँक हा आधी बोलीत डोक्यासाठी वापरला जाई आणि पुढे धोरणांचा विचार करणाऱ्या संस्थांना ते नाव मिळाले. मुलांच्या बिनबाह्यांच्या ‘टँक टॉप’चे नाव अमेरिकेत पोहण्याच्या तलावाला टँक म्हणत त्यावरून पडले. आणि ‘टँकर’ तर उन्हाळ्यात आपल्याच गावांत उभा असतो.

आता मुख्य मुद्दा. भारतातल्या इंग्रजी सरकारी कागदात ‘टँक’ म्हणजे बहुतेक वेळा तलाव. हैदराबादच्या हुसेनसागराच्या पाळीवरचा रस्ता ‘टँक बंड’ आहे. कोलकात्यातील लालदिघी या तलावाच्या परिसराचे जुने नाव ‘टँक स्क्वेअर’ होते. आपल्या नागपुरातील भोसलेकालीन अंबाझरी आणि तेलनखेडी हे तलाव आणि ज्याला आज आपण गांधीसागर म्हणतो तो जुम्मा तलाव, हे ब्रिटिश काळातील इंग्रजी लेखनात टँक म्हणूनच येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हजारो तलाव इंग्रजी कागदात ‘मालगुजारी टँक’ झाले. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. पण कागदावर टँक तो टँकच राहिला.

याचा फटका मी माझ्या सासरच्या गावी, भंडारा जिल्ह्यात, पाहिलेला आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका कार्यालयाकडून मराठी सूचनापत्र आले की, गावातील टाकीमधील गाळ काढण्यात येणार असून इच्छुक शेतकऱ्यांनी तो स्वखर्चाने शेतात न्यावा. ग्रामपंचायतीच्या शिपायाने आदेश मानून नळयोजनेची टाकी रिकामी केली, शिडी लावून आत उतरून ती घासून घेतली आणि दोन दिवस गावाला नळाचे पाणी मिळाले नाही. टाकीच्या तळाशी टोपलीभर माती निघाली. माझे दीर ते पत्र घेऊन नागपूरला आले, तेव्हा मी त्याची मूळ इंग्रजी प्रत मागवायला सांगितली. तीत टँक होता आणि तलावाचे नावही होते; भाषांतर करणाऱ्याने नाव गाळून शब्द तेवढा उतरवला होता. दुरुस्तीचे पत्र हाती येईपर्यंत मृगाच्या सरी पडल्या आणि त्या वर्षी धानाच्या बांध्यांत तो गाळ गेलाच नाही. ज्या गावात पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, पाणीवाटपाची पाळी हे शब्द लहान मुलाच्याही तोंडी आहेत, त्या गावाला त्याच्याच तलावाची बातमी त्याच्याच भाषेत कळू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

असे भाषांतर घाईने होते, मुद्दाम कोणी करीत नाही, हे मी जाणते. माझ्या हातूनही प्रारंभीच्या वर्षांत एका जबानीत हीच चूक झाली होती आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती वेळीच पकडली. परंतु अलीकडे वृत्तपत्रांतही इंग्रजी अहवालांवरून आलेल्या बातम्यांत ‘टँक परिसर’, ‘सिंचन टाक्या’ असे शब्द दिसू लागले आहेत. अतिक्रमण टाकीच्या जागेवर झाले असे छापून आले, तर वाचकाच्या डोळ्यासमोर चार खांबांवरचे सिमेंटचे भांडे येते. बुजवली जाणारी पन्नास एकर पाण्याची जागा येत नाही.

म्हणून आपल्या संपादकीय विभागास माझी विनंती आहे की, सिंचन, महसूल किंवा जमिनीच्या वादाच्या इंग्रजी कागदात ‘टँक’ आला तर आधी तो कोणत्या गावचा आणि त्याला गावकरी काय म्हणतात हे विचारावे आणि छापताना तलाव, बोडी (शेतातले लहान तळे), तळे जे असेल ते त्याच्या नावासकट छापावे. पुरवणीतील लेखाच्या पुढील भागात ‘टाकी’विषयीची दुरुस्ती देता आली, तर तीही अवश्य द्यावी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भाषांतरकार
प्रतापनगर, नागपूर