मोबदल्याच्या कायद्यात वाचकालाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गूगल, फेसबुकसारख्या कंपन्यांनी वृत्तपत्रांना बातम्यांचा मोबदला द्यावा, अशी मागणी करणारा आपला अग्रलेख ई-पेपरवर वाचला. मागणी रास्तच आहे. पण असा कायदा झालेल्या देशात, कॅनडात, मी राहतो आणि आपल्या दैनिकाचे फेसबुक पान मला इथे दिसत नाही. पान उघडले की सरकारी कायद्यामुळे बातम्यांचा मजकूर कॅनडात पाहता येत नाही, अशी सूचना येते. कॅनडातलीच नव्हे, जगभरातली वृत्तपत्रे आणि वाहिन्या फेसबुक-इन्स्टाग्रामवर इथल्या माणसाला अशीच बंद आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर बंदी नाही, म्हणून सांगलीचे नातेवाईक बातम्यांच्या लिंक तिकडे पाठवतात. अग्रलेखात वृत्तपत्रांची आणि कंपन्यांची बाजू आली, वाचकाची राहिली. म्हणून हे पत्र.

कॅनडाचा ऑनलाइन न्यूज अ‍ॅक्ट, म्हणजेच विधेयक सी-18, 22 जून 2023 रोजी मंजूर झाला. प्रत्यक्ष लागू झाला तो 19 डिसेंबरला. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने मात्र 1 ऑगस्टपासूनच बातम्या काढायला सुरुवात केली. असे करणे शक्य झाले ते कायद्याच्या रचनेमुळे. बातम्या उपलब्ध करून देणाऱ्या कंपनीनेच पैसे द्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. बातम्या ठेवल्याच नाहीत तर देणेही लागत नाही. मेटाचे म्हणणे होते की लोकांच्या फीडमध्ये बातम्यांचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी आहे आणि वृत्तपत्रे लिंक आपणहून टाकतात. हे अगदीच खोटे नाही. लिंकसाठी पैसे आकारायला लागलो तर वेबचा पायाच हलेल, अशी भीती खुद्द वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी, असाच कायदा करू पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सिनेटपुढे मांडली होती. पण कंपनीचा मुद्दा कितीही बरोबर धरला, तरी त्यानंतर जे घडले त्याचे समर्थन मला करता येत नाही.

बंदी सुरू होऊन पंधरवडा झाला आणि उत्तरेकडच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधला वणवा राजधानी यलोनाइफकडे सरकू लागला. 16 ऑगस्टच्या रात्री सुमारे 20 हजार वस्तीच्या त्या शहराला घरे सोडण्याचा आदेश निघाला. बाहेर पडायला रस्ता एकच. एडमंटन हे मोठे शहर तिथून जवळजवळ दीड हजार किलोमीटर. कुठला टापू धुराने बंद आहे, पेट्रोल कुठे मिळेल, विमाने किती वाजता सुटतील, हे लोकांना तासातासाला हवे होते. उत्तरेकडच्या विरळ वस्तीत अशा वेळी माणसे फेसबुकच उघडतात. केबिन रेडिओ हे यलोनाइफचे छोटे वृत्तकेंद्र अहोरात्र ही माहिती देत होते, पण त्याची लिंक फेसबुकवर टाकता येत नव्हती. मग लोकांनी बातम्यांचे स्क्रीनशॉट काढून पसरवले. स्क्रीनशॉटवरून मूळ बातमीपर्यंत जाता येत नाही, ती किती वाजताची आहे हेही अनेकदा कळत नाही. वणव्यात सहा तास जुनी माहिती जिवावर बेतू शकते. पंतप्रधान ट्रुडोंनी त्या आठवड्यात मेटावर जाहीर टीका केली. बंदी उठली नाही. एप्रिल 2025 ची सार्वत्रिक निवडणूकही तशीच पार पडली.

मॅकगिल आणि टोरांटो विद्यापीठांतल्या संशोधकांच्या मीडिया इकोसिस्टम ऑब्झर्व्हेटरीने वर्षभराने आढावा घेतला. कॅनडातल्या वृत्तमाध्यमांना फेसबुक-इन्स्टाग्रामवर मिळणारा प्रतिसाद 85 टक्क्यांनी घटला होता आणि स्थानिक माध्यमांपैकी सुमारे 30 टक्के समाजमाध्यमांवर निष्क्रिय झाली होती. मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते तिसऱ्या निष्कर्षाने. बातम्या बंद आहेत हे बहुतेक नागरिकांना माहीतच नव्हते! आपल्या गावची बातमी आपल्यापर्यंत येत नाही, याची जाणीवच नसेल तर माणूस ती दुसरीकडे शोधायला जाईल तरी कशाला?

गूगलने नोव्हेंबर 2023 मध्ये वर्षाला 10 कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. ही रक्कम पत्रकारांच्या संख्येच्या प्रमाणात वाटली जाते आणि पात्र ठरायला साधारणपणे किमान दोन पत्रकार लागतात. आपल्याकडच्या तालुका साप्ताहिकांचा विचार करा. संपादक, वार्ताहर आणि वसुली करणारा, सगळे एकच. अशी अट आपल्या कायद्यात जशीच्या तशी आली तर ती साप्ताहिके पहिल्याच फेरीत बाहेर पडतील.

भारतात भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी 2022 मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचे आदेश दिले. नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय पत्रकारिता दिनाच्या कार्यक्रमात मंत्री अश्विनी वैष्णव यांनीही पारंपरिक माध्यमांना योग्य मोबदला मिळायला हवा, असे म्हटले. कायदा आज ना उद्या येईल. तेव्हा पैशाची जबाबदारी कंपनीच्या भारतातल्या उत्पन्नावर ठरावी, तिने बातम्या ठेवल्या की काढल्या यावर नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाने जाहीर केलेला प्रस्ताव याच दिशेचा आहे. 2021 मध्ये फेसबुकने बातम्या बंद करताना तिथल्या हवामान खात्याचे आणि राज्यांच्या आरोग्य विभागांचे पानही बंद करून टाकले होते, तेही कोरोनाची लस सुरू होण्याच्या तोंडावर. शिवाय पूर, भूकंप, साथ अशा काळात बातम्यांची वाट कोणत्याही कारणाने अडवता येणार नाही, असे स्पष्ट कलम हवे. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची आणि राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी घरोघरी मोबाइलवर पाहिली जात होती. अशा रात्री कोल्हापूर-सांगलीच्या बातम्या फेसबुकवरून गायब झाल्या तर काय होईल, याचा विचार मसुदा लिहिणाऱ्यांनी आधीच करायला हवा.

वृत्तपत्रांच्या संघटना सरकारशी बोलतात तेव्हा त्यांच्या निवेदनात रकमेबरोबर ही कलमेही असावीत, एवढी आपल्याला विनंती आहे.

कळावे,
आपला एक वाचक
मिसिसागा, ऑन्टारियो (मूळचा सांगलीचा)