घड्याळ, बाबा आणि फ्रिजमधली किल्ली

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. "मलाही फिल्म करायचीय, कॅमेरा कुठला घेऊ?" एवढं विचारलंस आणि खाली सही. दीड ओळीच्या प्रश्नाला मी पानंच्या पानं उत्तर लिहिणार आहे, तेव्हा निवांत बसून वाच. हाच प्रश्न वर्षभरापूर्वी मलाही पडला होता आणि त्यापायी मी तीन महिने नुसते रिव्ह्यू बघत बसलो. कुठला सेन्सर अंधारात दाणेदार होतो, कुठली लेन्स कडेला मऊ पडते, सगळं तोंडपाठ झालं. फिल्म मात्र एका सेकंदाचीही झाली नव्हती.

शेवटी खिशातल्या फोनवरच केली. तीन मिनिटं चाळीस सेकंदांची. गोष्ट अगदी एवढीशी आहे: भिंतीवरचं जुनं चावीचं घड्याळ बंद पडलंय, एक म्हातारा ते उतरवून, उघडून दुरुस्त करायला बसतो. शेवटी कळतं की त्याला वेळ बघायचीच नाहीये. घरात कुणी उरलेलं नाही, त्याला ती टिकटिक हवीय. म्हातारा म्हणजे आमचे बाबा. (हा शब्द त्यांना अजून मान्य नाही. श्रेयनामावलीत 'प्रमुख भूमिका' असं लिहून घेतलंय.)

ही गोष्ट मला सुचली असं मी लोकांना सांगतो, पण खरं म्हणजे घरात काय काय आहे ते बघत फिरलो आणि घड्याळापाशी थांबलो. एक खोली, एक खिडकी, एक घड्याळ, एक रिकामा असलेला माणूस. आधी पाऊस, पोलीस आणि पाठलाग लिहिला असता तर आज तुला पत्र लिहिण्याऐवजी पावसाची सोय करत बसलो असतो. दादासाहेब फाळक्यांचंच बघ ना. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना टिपला होता. रोज थोडं थोडं चित्रण, मग सगळं जोडून अंकुर डोळ्यांदेखत वर येतो. ती चिमुकली फिल्म दाखवून पैसे उभे केले. आणि कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरी करायच्या. म्हणजे आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच एका कुंडीपासून आणि घरच्या माणसापासून झाली. हे वाचल्यावर मला माझ्या फोनची लाज वाटेनाशी झाली.

आता पहिल्या रविवारचा किस्सा.

सकाळभर मी उजेडाच्या मागे होतो. टेबल खिडकीपाशी ओढलं, खोलीतला दिवा बंद केला. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप), म्हणजे निळसर. घरातला पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. दोन्ही एकदम असले की अर्ध्या चेहऱ्याला कावीळ आणि अर्धा गारठलेला, असं काहीतरी दिसतं. शिवाय फोन मध्येच आपल्या मर्जीने रंग बदलतो. म्हणून एकच उजेड ठेवायचा, आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल), फोकस, एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) तिन्ही लॉक करून टाकायचं. बाबांच्या पलीकडच्या गालावर काळीकुट्ट सावली येत होती, तिथे थर्माकोलची पांढरी शीट उभी केली. सावली लगेच निवळली. सत्यजित रे यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी 'अपराजितो'च्या सेटवर पांढरं कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतवला आणि तो आकाशाचा उजेड वाटला, ही १९५६ ची गोष्ट. तेच तत्त्व मला एका थर्माकोलवर वापरता आलं. त्या दिवशी मी जरा हवेतच होतो.

मग बाबा बसले. मी म्हटलं, "बाबा, चेहऱ्यावर थोडं दुःख आणा."

आणलं. दाढदुखीच्या औषधाच्या जाहिरातीत शोभेल असं. दुसऱ्या टेकला भुवया अजून वर, तिसऱ्याला एक सुस्काराही टाकला. चौथ्याला मी हात टेकले आणि म्हटलं, "दुःख राहू दे. तो मागचा गंजलेला स्क्रू खरोखर काढा. बाकी काही करायचं नाही." बाबा स्क्रूशी झटू लागले. ओठ घट्ट, जिभेचं टोक बाहेर. स्क्रू सुटला, बोटांतून निसटला आणि टेबलावरून टुणटुणत खाली गेला. बाबा थांबले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बारीकसं "हं..." म्हणाले, आणि स्क्रू कुठे गेला ते बघत क्षणभर तसेच राहिले. काय सांगू तुला, कॅमेऱ्यामागे माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून ठरवलंय की नटाला भावना सांगायची नाही, काम सांगायचं.

रात्री हेडफोन लावून तोच टेक ऐकला आणि कपाळाला हात लावला. बाबांच्या त्या "हं"च्या मागे फ्रिज. घूंऽऽऽ. पूर्ण टेकभर.

चित्रण करताना तो मला ऐकूच आला नव्हता. रोजचे आवाज आपले कान परस्पर गाळून टाकतात, माइक काहीच गाळत नाही. आणि नुसती घरघर असती तर एकवेळ चाललं असतं. पुढच्या शॉटच्या वेळी फ्रिजचा कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला होता. दोन्ही शॉट जोडले की घरघर, शांतता, पुन्हा घरघर. चित्रातला कट लोक सहज गिळतात, पण आवाज असा तुटला की प्रत्येक कट कानाखाली बसतो. त्यात माझी फिल्म कशाबद्दल, तर शांत घराबद्दल! हसू नकोस.

तर पुढच्या रविवारपासून आमच्याकडे शूटिंगआधी फ्रिज बंद होतो, पंखा बंद होतो आणि माझ्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये जाते. ही ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो, आतला दिवा लागत नाही, आणि तो परत सुरू करायचाय हे आठवतं. आईला ती किल्ली आत सापडली तेव्हा तिने आधी माझ्याकडे आणि मग बाबांकडे बघितलं. तुमच्याच वळणावर गेलाय, असा अर्थ होता.

दुसरं म्हणजे प्रत्येक जागी काम संपलं की सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एडिटिंगमध्ये दोन संवादांच्या मधलं भगदाड त्याच खोलीच्या शांततेने बुजवावं लागतं, नाहीतर तिथे आवाज मेल्यासारखा वाटतो. त्या मिनिटात बाबांना हमखास खोकला येतो.

तिसरं, आणि तुझ्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. माइक किती भारी यापेक्षा तो किती जवळ, याला जास्त मोल आहे. अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा आवाज सहा डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. म्हणून कॅमेऱ्यावर बसवलेला महागडा माइक सहा फुटांवरून विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो आणि नटापासून वीतभर अंतरावर लपवलेला साधा माइक त्याच्यावर मात करतो. मी जुना फोन घड्याळाच्या पेटीआड ठेवला, आवाज त्यात घेतला, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. नंतर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज एकावर एक ठेवले की झालं जुळलं.

म्हणजे जुळायला हवं होतं! सुरुवातीला चोख, आणि लांबलचक टेकच्या शेवटाकडे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. दोन रात्री मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग कळलं की बरेच फोन फ्रेम, म्हणजे चित्रणातली एकेक सुटी चित्रं, एका ठरावीक वेगाने टिपतच नाहीत, उजेड आणि गरजेप्रमाणे वेग थोडा खालीवर करतात. फाइल आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटची करून घ्यायची, मग एडिटला लावायची. हे कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्री झोपलो असतो, म्हणून तुला सांगतोय. अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझने 'एल मारियाची' सुमारे ७ हजार डॉलरमध्ये १६ मिलिमीटरच्या फिल्मवर केला तेव्हा त्याच्याही कॅमेऱ्यावर आवाजाची सोय नव्हती. टेक झाल्यावर नटांकडून संवाद पुन्हा म्हणवून टेपवर घ्यायचा, आणि ओठ निसटायला लागले की दुसऱ्याच कशावर तरी कट मारायचा. त्यातून सिनेमाला आपोआप वेग आला. मीही एका ठिकाणी बाबांच्या ओठांवरून घड्याळाच्या काट्यांवर गेलोय. बघणाऱ्यांना ते मुद्दाम केलंय असं वाटतं, मी वाटू देतो.

काट्यांवरून आठवलं. घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर थांबवून ठेवलं होतं. तिसऱ्या रविवारी बघतो तर मजेत चालू. आईने पुसता पुसता चावी दिली होती. आणि बाबा? ते "आज जवळून शॉट आहे ना" म्हणून गुळगुळीत दाढी करून हजर. मागच्या रविवारी चार दिवसांचे खुंट. मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी फक्त हातांचे शॉट घेतले. आता प्रत्येक शॉटनंतर टेबलाचा, कपड्यांचा, बाबांच्या हनुवटीचा फोटो काढून ठेवतो.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात उरकतो. फ्रेमरेट सेकंदाला चोवीस किंवा पंचवीस, शटरचा वेग (एक फ्रेम किती झटपट टिपली जाते) साधारण त्याच्या दुप्पट. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, म्हणून शटर सेकंदाच्या एक पन्नासांशवर ठेवलं की चित्रात पट्टे येत नाहीत. भर उन्हात फोन शटरचा वेग वाटेल तितका वाढवतो आणि चालणारा माणूस तुटक तुटक दिसतो. त्यासाठी लेन्सपुढे एनडी फिल्टर धरायचा, तो म्हणजे लेन्सचा गॉगल. दोघं बोलत असतील तर त्यांच्यामधली काल्पनिक रेघ ओलांडायची नाही, नाहीतर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. हे सगळं एका दुपारी शिकून होतं, खरंच.

एडिट मात्र एका दुपारी होत नाही. पहिली जुळणी नऊ मिनिटांची झाली आणि ती मलाच बघवेना. मग कुलेशॉव्हचा तो प्रसिद्ध प्रयोग करून बघितला. शंभरेक वर्षांपूर्वी त्या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा सुपाच्या वाटीला, शवपेटीला आणि एका बाईच्या चित्राला जोडून दाखवला. लोकांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली. माझ्याकडे बाबांचा असा एक चेहरा होता. मी फोकस लावत होतो आणि ते कंटाळून खिडकीबाहेर बघत होते, नकळत रेकॉर्ड झालेला. तो उचलून रिकाम्या खुर्चीच्या शॉटनंतर ठेवला. जे दुःख चार टेकमध्ये आलं नव्हतं ते तिथे आयतं बसलेलं होतं. बाबांना दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे मी कधी केलं?"

शेवटची टिकटिक भिंतीवरून घेतलीच नाही. रात्री दोन वाजता घड्याळ गाद्यांच्या मध्ये उभं केलं, माइक लाकडी पेटीला जवळजवळ टेकवला, वरून रजई. आत मी आणि घड्याळ. फिल्ममध्ये तो आवाज बाबांच्या चेहऱ्यावर आधी येतो, घड्याळ नंतर दिसतं. त्या एका कटसाठी मी सगळी फिल्म केली असं आता वाटतं.

झाल्यावर सहा जणांना दाखवली. "कशी वाटली?" विचारलं की सगळे "छान" म्हणतात, म्हणून मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसलो. एक मिनिट दहा सेकंदांना तिघांचे हात मोबाइलकडे गेले. तिथे घड्याळाच्या काचेत खिडकीचं प्रतिबिंब दिसतं तो माझा लाडका शॉट होता, वीस सेकंदांचा. काढला. अजून दुखतं.

तर कॅमेरा घेऊ नकोस. तुझ्याकडे फोन आहे, आणि मला तुझ्याकडून वेगळंच काहीतरी हवंय. पुढची फिल्म दोन माणसांच्या बोलण्यावर आहे, जिन्यात घडते, आणि जिना भयंकर घुमतो. मला माझ्या कानांचा भरवसा राहिलेला नाही. तुझ्या कानांचा आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला तानपुऱ्याची एक तार उतरलीय हे मागच्या रांगेतून ओळखून तू पुढे सांगायला गेला होतास, आठवतं? मी पुसायच्या लांब दांड्याला माइक बांधून ठेवलाय. हेडफोन घालून तो दांडा माणसांच्या डोक्यावर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर धरायचा. दहा मिनिटांत खांदे भरून येतात, आधीच सांगतो. पण पहिली फिल्म करण्याआधी कुणाच्या तरी फिल्मचा आवाज धर, कॅमेऱ्याचं आपण त्यानंतर बोलू.

दोन रविवार मोकळे ठेव. येताना सुती कपडे घाल, ते सळसळणारं जॅकेट नको. खिशात सुट्टे पैसे नकोत. फोन एअरप्लेन मोडवर. आणि उपाशीपोटी येऊ नकोस, पोटातली गुरगुर माइकला स्पष्ट ऐकू जाते. बाबांची एक गुरगुर त्यांच्या त्या खिडकीबाहेर बघण्याच्या शॉटमध्ये अजून आहे. खूप प्रयत्न केला, काढता आली नाही.

तुझाच,
मी