नदीच्या पातळीशेजारी घाटांचीही चौकट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्या दैनिकात रोज छापून येते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. शनिवारच्या पुरवणीत कोकणच्या वाटेवरचे धबधबेही येतात. पण फोटोतला तो घाट आज चालू आहे का, एकेरी आहे का, धुके किती, हे कुठेच नसते. पातळीच्या तक्त्याखाली घाटांची एक लहान चौकट रोज द्यावी, अशी विनंती आहे.

कोल्हापूरकराला समुद्राकडे उतरायला मुख्यतः सहा वाटा आहेत. मलकापूरवरून आंबा घाट, बाजारभोगाववरून अणुस्कुरा, गगनबावड्यातून करूळ आणि भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, आणि आजऱ्यावरून आंबोली. त्या एकमेकींना पर्याय आहेत खऱ्या, पण सारख्या नाहीत. २०२४ मध्ये काँक्रीटीकरणासाठी करूळ बंद झाला तेव्हा वाहतूक भुईबावडा आणि फोंड्याकडे वळवावी लागली. भुईबावडा अरुंद आणि आवळ वळणांचा. समोरून टेम्पो आला की कुणाला तरी मागे घ्यावेच लागते. नवख्याने तो पावसात धरू नये. पहिल्यांदाच घाट उतरणाऱ्याला आम्ही आंबा किंवा फोंडा सुचवू.

चौकटीत घाटाइतकीच त्याच्या अलीकडच्या रस्त्याची खबर हवी. करूळ सुरळीत असतो आणि गाडी अलीकडेच, गगनबावडा रस्त्यावरच्या मांडुकलीत पाण्यापुढे उभी असते, असे दर मोठ्या पावसात होते. कुंभी नदीचे पाणी तिथे रस्त्यावर येते. भोगावती नदी फुगली की बालिंग्याच्या पुलावरची वाहतूक थांबवावी लागते. रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ तीच गत. पातळी ३९ फुटांकडे चालली असेल तर सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी त्याच वाटेने परतेल याची खात्री नाही. तेव्हा आजरा-उत्तूर-निपाणीची वाट आधीच डोक्यात ठेवावी. २०१९ आणि २०२१ सारखा पूर असेल तर तीही उपयोगाची नाही, मुक्काम लांबवावा.

आता उतरण्याविषयी, कारण घाटातले बरेच अपघात चढताना नव्हे, उतरताना होतात. चढताना ज्या गिअरात गाडी चढेल, त्याच गिअरात ती उतरवायची. करूळला म्हणजे बहुतेक दुसरा, आवळ वळणाला पहिला. ऑटोमॅटिक असेल तर एल (लो) किंवा मॅन्युअल मोड. ब्रेकवर पाय ठेवूनच खाली आले की पॅड तापतात, उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते आणि ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबले जात नाही. म्हणून पेडल अचानक मऊ पडून तळाला जाते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल निदान २०५ अंश सेल्सियसला उकळते, ओलावा खाल्लेले १४० च्या आसपासच. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचे, गाडी कमी फिरली असली तरीही. जळका वास आला की रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्यावी आणि वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये, डिस्क वाकते.

न्यूट्रलवर, त्यातही इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचा एक वर्ग आपल्याकडे अजून आहे. पेट्रोल वाचते म्हणे! आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे इंधन तसेही तुटते. उलट इंजिन बंद केले की ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, दोन-तीन वेळा पाय मारेपर्यंतच साथ देतो. मग पेडल दगडासारखे कडक, आणि स्टिअरिंगही जड.

अरुंद चढावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असा नियमच आहे. चढावर थांबलेला ट्रक पुन्हा उचलणे सोपे नसते, हे कारमधून कळत नाही. एसटी वळण घेताना तिचे मागचे चाक आतल्या बाजूने कापत जाते. म्हणून वळणाच्या तोंडाशी घुसू नये, दहा-पंधरा मीटर अलीकडेच थांबावे.

गगनबावडा आणि आंबोलीला जुलैत भर दुपारी धुके असते. हेडलाइट खाली ठेवावा, वरच्या झोताने समोर पांढरी भिंतच उभी राहते. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नयेत, वळतोय कुठे ते मागच्याला कळत नाही. आतून काच धुरकटली तर फडके नको, एसी लावून हवेचा झोत काचेवर सोडावा. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून काच लगेच साफ होते. धबधब्यासमोर वळणावर गाडी लावून सेल्फी काढणाऱ्यांबद्दल काय लिहायचे! वरून दरडीचे दगड येतात आणि मागून ट्रक.

पावसाळा संपला की चौकट बंद करू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत प्रश्न उसाचा. गगनबावडा रस्त्यावर कुडित्रे आणि असळज, राधानगरी रस्त्यावर परिते, अशा कारखान्यांकडे डबल ट्रॉल्यांची रांग लागते. अनेक ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पहाटेच्या अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. दाजीपूरच्या जंगलात सकाळ-संध्याकाळ गवे रस्ता ओलांडतात. एक गेला म्हणून गाडी हलवू नये, मागे कळप असतो. हॉर्न तर अजिबात नको.

सकाळी सहाला निघालेले बरे. जाताना तोंड पश्चिमेला, सूर्य पाठीशी. दुपारी तीननंतर परत फिरले की पुन्हा पाठीशीच. उलट वेळा धरल्या तर दोन्हीकडे ऊन डोळ्यांत. घाटाचा उतार पश्चिमेकडचा, त्यामुळे कड्यांवर ऊन दुपारीच येते. फोटोची हौस परतताना भागवावी.

करूळ किंवा भुईबावडा उतरल्यावरची वाट आमच्या मते अशी: वैभववाडी, तळेरे, तिथून विजयदुर्ग. मग पडेलवरून देवगड. देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरी पुलाने कुणकेश्वर, पुढे मिठबाव, हिंदळे, मुणगे, आचरा, मालवण. महामार्गाने हे अंतर लवकर कटते, पण खाड्या, कातळसडे आणि माडांच्या राया या आतल्या रस्त्यालाच. रस्ता एका गाडीपुरता, कडेला चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे. तासाला तीस किलोमीटर धरून वेळ काढावा, नकाशातल्या वेळेवर विसंबू नये. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या घेतलेल्या पिकअप गाड्या रात्री याच रस्त्यांनी सुसाट असतात, तेव्हा अंधार पडल्यावर इथे गाडी काढू नये.

किनाऱ्यावर गाडी उतरवायचीच नाही. ओली वाळू घट्ट दिसते, पण वजन पडले की पाणी वर येऊन ती सैल होते. ओहोटीला रुतलेली गाडी सहा तासांच्या आत भरतीत सापडते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाणी आणखी वर येते. रुतलीच तर चाक फिरवत बसू नये, ते फक्त खड्डा खणते. चाकापुढची वाळू हाताने काढावी, खाली माडाच्या झावळ्या घालाव्यात, टायरची हवा सोळा-अठरा पीएसआयवर आणावी आणि पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरात हळू क्लच सोडावा. बाहेर आल्यावर पहिले काम हवा भरण्याचे. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी.

चौकटीला फार जागा लागणार नाही. सहा घाट, पुढे चार रकाने: चालू, एकेरी की बंद; अवजड वाहनांना परवानगी; धुके-दरड; आणि घाटाच्या अलीकडे रस्त्यावर पाणी कुठे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजऱ्याचे आपले बातमीदार रात्री एक फोन करतील, खालून साखरपा, वैभववाडी, फोंडा, सावंतवाडीची खबर घेता येईल. माहितीखाली वेळ मात्र जरूर छापावी. रात्री दहाला चालू असलेल्या घाटात पहाटे चारला दरड आलेली असू शकते.

आपले,
घाटवाटांनी नेहमी जाणारे काही वाचक, कोल्हापूर