जोडघराचा हिशेब

महोदय,
पोटविभागणी (कायदेशीर स्वतंत्र तुकडे) होऊ न शकणाऱ्या भूखंडावर जोडघर, म्हणजे एकमेकांना लागून दोन घरे, बांधून ‘एक विकू, एक ठेवू’ असे मनोरे रचणारे बरेच दिसतात. जमिनीची मालकी एकच राहते. म्हणजे विकायचे तर सहसा दोन्ही घरे एकत्र, आणि एवढी रक्कम मोजणारा बहुधा गुंतवणूकदारच. तो भाड्याच्या उत्पन्नावरून भाव लावणार. जमिनीचा अविभक्त (वेगळा न पाडलेला) हिस्सा विकता येतो म्हणे! पण तशा हिश्श्यावर कर्ज द्यायला बँका नाखूश असतात, पुढे वाटणीचे वाद वेगळेच. निव्वळ भाड्यासाठी मात्र कल्पना वाईट नाही: जमीन एक, भाडी दोन, एक घर रिकामे पडले तरी दुसरे चालू. फक्त दुसऱ्या घराला बांधकाम परवानगी मिळते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.
– एक वाचक