आबा, बैलांचं राहिलेलं सांगा

तीर्थरूप आबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री पुण्याला पोचले. तावडे हॉटेलच्या फाट्यावर बसमध्ये चढल्यापासून एकच गोष्ट मनात आहे. फोनवर बोलवेना, म्हणून लिहितेय. आई, हे त्यांना वाचून दाखव.

आबा, बांगलादेशातल्या जमालपूरची लढाई आम्हांला पाठ आहे. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण यायची चिठ्ठी धाडली, पाकिस्तानच्या बलुच पलटणीच्या कर्नलनं उत्तरात गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबर १९७१ च्या रात्री ते वेढा फोडून निघाले, आणि आपल्या जंगी पलटणीनं, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीनं, रस्ता सोडला नाही. विजय दिवसाला हेच सांगायचात, सैनिक टाकळीचे मित्र आले तरी हेच.

परवा रात्री सिस्टरना सांगितलंत ते मात्र मी प्रथमच ऐकलं. ब्रह्मपुत्रेपलीकडे सामान न्यायला बैलगाड्या घेतलेल्या. आवाज नको म्हणून बैलांच्या गळ्यातली घुंगरं तुम्ही स्वतः सोडलीत. पुढं त्यातला एक बैल गोळी लागून पडला. गाडीवान एक शब्द बोलला नाही, नुसता जू धरून उभा राहिला. बेंदराला घरोघरी बैलं सजायची तेव्हा तुम्ही एकटेच मळ्यात का जायचात, ते मला आज कळतंय. मी समजायचे, तुम्हांला सणाचा कंटाळा आहे.

आई, तू आतून म्हणालीस, "झोपा आता, कशाला त्या आठवणी." काळजीनंच म्हणालीस. पण त्यांना थांबवू नकोस गं. आपणहून बोलतील तेवढं ऐक, खोदून विचारू नकोस. सिस्टर रोज विचारायच्या, शून्य ते दहात दुखणं किती? फौजी माणूस, उत्तर ठरलेलं: दोन. त्या रात्री बैलाचं सांगून झालं, थोडा वेळ गेला, आणि स्वतःच म्हणाले, "सात." सात, आई! इतके दिवस सात असेल. डॉक्टरांनी मॉर्फिन वाढवलं आणि पहाटेपर्यंत गाढ झोपले. त्या औषधाला भिऊ नकोस, सांगितलेल्या वेळेला देत जा. आणि झोपेत दचकले तर अंगाला हात लावू नकोस, आधी पायाशी उभं राहून हाक मार.

आबा, मी शनिवारी येतेय. तुम्ही हो म्हणालात तरच मोबाईलवर रेकॉर्ड करीन, नाहीतर नुसती उशाशी बसेन. त्या बैलांचा रंग कसा होता? आणि ती घुंगरं, गाडीवानाला परत दिलीत का?

तुमची,
ताई