तक्रार: ‘आपोआप बदलणारा’ सायकलिंग प्लॅन बदलतच नाही, उरलेले पैसे परत करा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय/महोदया,

तुमच्या ट्रेनिंग अ‍ॅपचं वार्षिक सदस्यत्व मी घेतलं ते ‘तुमच्या ताकदीनुसार आपोआप बदलणारा प्लॅन’ या जाहिरातीवर विश्वास ठेवून. माझा प्लॅन आजवर एका वॉटनेही बदललेला नाही.

मूळ दुखणं रॅम्प टेस्टचं, म्हणजे दर मिनिटाला जोर वाढवत दमेपर्यंत पेडल मारायच्या चाचणीचं आहे. शेवटच्या मिनिटाला मी २४० वॉटपर्यंत गेले, अ‍ॅपने त्याचे ७५ टक्के काढले आणि माझा एफटीपी १८० ठरवून टाकला. एफटीपी म्हणजे ढोबळमानाने तासभर टिकणारी ताकद. मी कॉलेजभर खो-खो खेळलेली बाई. दोन-तीन मिनिटांचा जोर माझ्यात भरपूर आहे, आणि रॅम्प टेस्टची शेवटची मिनिटं नेमकी त्याच जोरावर निघतात. अशा माणसाचा एफटीपी या टेस्टमध्ये फुगून येतो, हे सायकलिंगमधल्या कुठल्याही कोचला विचारा. मी स्वतंत्रपणे २० मिनिटांची टेस्ट दिली, सरासरी १६८ वॉट आली. त्याचे ९५ टक्के म्हणजे जेमतेम १६०.

हा २० वॉटचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल जोडायच्या यंत्रावर बसा, मग कळेल. व्हीओटू मॅक्सच्या, म्हणजे काही मिनिटंच टिकणाऱ्या जोराच्या, इंटरव्हलला (टप्प्याला) तुम्ही एफटीपीच्या ११८ टक्के मागता, म्हणजे २१२ वॉट. माझ्या खऱ्या एफटीपीच्या हिशोबाने ते १३० टक्क्यांच्याही वर जातं. तुम्ही ज्याला थ्रेशोल्ड (एफटीपीच्या आसपासचा जोर) म्हणता, तेच माझ्यासाठी व्हीओटू मॅक्स होतं, आणि ते वीस-वीस मिनिटं करायचं! तिसऱ्या इंटरव्हलपर्यंत केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९० वरून ६० वर येतो. ट्रेनरचा अर्ग मोड ठरलेले वॉट कायम ठेवण्यासाठी रेझिस्टन्स वाढवतो, केडन्स आणखी पडतो आणि शेवटी पेडल जागच्या जागी अडकतं.

तीव्रता कमी करायचं बटण आहे, मान्य. पण ते दाबलं की वर्कआउट ‘अपूर्ण’ म्हणून नोंदला जातो आणि पुढच्या आठवड्यात त्याच आकड्यांसह पुन्हा समोर येतो. रविवारी सिंहगडचा घाट चढून आलं तरी तुमच्या हिशोबात मी विश्रांतीच घेतलेली असते, कारण बाहेरची राइड अ‍ॅप धरतच नाही. मग मंगळवारी पुन्हा तेच २१२.

मला कष्टांचं वावडं नाही. पण माझं ध्येय २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) आहे, साडेतेरा तासांच्या मुदतीत. ते मी नोंदणी करतानाच निवडलं होतं. तिथे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरी पुरते. एवढ्यासाठी आठवड्यातून दोनदा फुप्फुसं बाहेर काढणारे वर्कआउट आणि लांब, सावकाश राइड नावालाच, हे गणित कोणी मांडलं?

२० मिनिटांच्या टेस्टची फाइल मी ग्राहक सेवेकडे पाठवली. उत्तर आलं, पाणी जास्त प्या, पुरेशी झोप घ्या, प्लॅनवर विश्वास ठेवा. फाइल उघडून पाहिल्याचं एकही चिन्ह त्यात नव्हतं. पुन्हा लिहिलं, तर अक्षरशः तेच उत्तर.

तेव्हा सदस्यत्वाच्या उरलेल्या महिन्यांची रक्कम ज्या कार्डावरून घेतली त्याच कार्डावर परत करा आणि आपोआप होणारं नूतनीकरण आजपासून बंद करा. एफटीपी हाताने बदलण्याची सोय पुढेमागे दिलीत तर इतर ग्राहक तुम्हाला दुवा देतील, पण माझ्या परताव्याचा त्याच्याशी संबंध जोडू नका. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मला राहत्या जिल्ह्यातल्या, म्हणजे पुण्याच्या, ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

दोन्ही टेस्टच्या फाइल्स, पैसे भरल्याची पावती आणि तुमची दोन्ही उत्तरं सोबत जोडली आहेत.

आपली,
एक सदस्य, कोथरूड, पुणे