खंत नेमक्या शब्दांत मांडा

महोदय,

निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा विषय निघाला की 'गेलं ते विसरा, आनंदात राहा' हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याचं काही जात नाही. पण ठरवून काही विसरता येत नाही आणि त्याची गरजही नसते. खंत नेमकी कसली, हे उमगलं तर सत्तरीतही पुष्कळ काही करता येतं.

नुकत्याच केलेल्या चुका जास्त सलतात. मात्र अख्ख्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात, असं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४ मध्ये मांडलं. चूक केली तर माफी मागता येते, नुकसान भरून देता येतं. राहून गेलेल्या गोष्टीचा मात्र निकालच लागत नाही. शिवाय त्या वेळच्या अडचणी, म्हणजे घराचे हप्ते, घरातलं आजारपण, बदलीची नोकरी, वीस वर्षांनी किरकोळ वाटू लागतात.

म्हणून एका खंतीला एक कागद घ्यावा. वर एकच वाक्य, क्रियापदासकट. 'गाण्याचं राहिलं' हे मोघम झालं. 'अकरावीत गाण्याचा क्लास सोडला, तो पुन्हा लावला नाही' हे नेमकं. खाली तेव्हाचा पगार, घरातली खाणारी तोंडं, कामाच्या वेळा. हा भाग लोक गाळतात आणि तिथेच फसतात. आजच्या पेन्शनच्या आणि मोकळ्या दुपारच्या हिशेबानं तेव्हाच्या स्वतःला दोषी धरणं हा शुद्ध अन्याय आहे. मग शेवटचा प्रश्न: त्यातलं नेमकं काय हवं होतं? मैफल, की रोजचा तासभर सूर? मैफल आता बहुधा नाही, सूर मिळेल. मात्र सुरुवात महागडी पेटी आणून करू नये. ती लवकरच माळ्यावर जाते. घराजवळचा क्लास, ठरलेला वार आणि तीन महिन्यांची मुदत पुरे. मोडी शिकायची राहिली असेल, तर पुण्यासारखं गाव नाही. इथल्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, हजारोंनी आहेत आणि ते वाचणारे थोडे.

दुखावलेल्या माणसाबद्दलची खंत निराळी. वाटणीवरून भावाशी अबोला धरला असेल, तर 'त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला लबाड म्हणालो, ते चुकलं,' एवढं लिहून थांबावं. 'पण तूही…' आलं की सगळं मुसळ केरात. 'तुला वाईट वाटलं असेल तर' ही माफी नव्हेच. लग्नकार्यात गाठून बोलू नये. पत्र धाडावं, म्हणजे समोरच्याला वेळ मिळतो. उत्तर आलंच पाहिजे असा हट्ट नको. संबंध नको असं त्यानं स्पष्ट सांगितलं असेल किंवा ते माणूसच आता नसेल, तर पत्र लिहावं आणि स्वतःजवळ ठेवावं.

हे लेखन झोपण्यापूर्वी करू नये. लिहून झाल्यावर काही वेळ मन जड राहतं आणि झोप उडते. सकाळी पंधरा-वीस मिनिटं, सलग तीन-चार दिवस. मनातलं कागदावर उतरवण्याविषयी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी केलेल्या १९८६ च्या प्रयोगापासून साधारण हेच माप चालत आलं आहे. त्यानंतरही तेच वाक्य तसंच उतरत असेल, तर ते उगाळणं आहे, थांबावं. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर ती नुसती खंत नव्हे. डॉक्टरांना दाखवावं. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.

ज्येष्ठ नागरिक संघांत गुडघे आणि व्याजदर यांवर व्याख्यानं उदंड होतात. एखादी सकाळ कोऱ्या कागदांसाठी ठेवायला हरकत नाही. लिहिलेलं वाचून दाखवण्याची सक्ती मात्र करू नये, नाहीतर चारचौघांत शोभेल तेवढीच खंत कागदावर येते.

— ज्येष्ठांसाठी काम करणारा एक समुपदेशक, कोथरूड, पुणे